थिबाच्या वाड्यातलं प्रेम : कादंबरीतलं आणि खरं

मुलुंड असो की बोरिवली, आपल्याकडे मूळ रत्नागिरीची घरं पुष्कळ. त्यामुळे 'थिबा पॅलेस' म्हटलं की तो बघितलेले बरेच जण निघतात. आज आपण बोलणार आहोत अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या २००० सालच्या कादंबरीविषयी. त्यातली प्रेमकथा याच रत्नागिरीत फुलते.

आधी थोडा इतिहास. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, राणी सुपयालत आणि मुलींना आधी मद्रासला नेलं, आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. वाडा पूर्ण झाला १९१०मध्ये. १९१६मध्ये राजा इथेच वारला. आणि बघा, रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांना त्याच सरकारनं मंडालेच्या तुरुंगात ठेवलं!

कादंबरीत डॉली ही राजकन्यांची दासी. मंडाले लुटलं जात असताना राजकुमार नावाचा एक पोरका हिंदुस्थानी मुलगा तिला पाहतो. पुढे तो सागवानाच्या धंद्यात पैसा कमावतो, तिला शोधत रत्नागिरीला येतो, आणि लग्न करून ब्रह्मदेशात घेऊन जातो. डॉलीची हद्दपारी तिथे संपते.

आता खरी गोष्ट. थोरली राजकन्या फाया जी इथे आली तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. इथेच वाढली, आणि वाड्याचा दरवान गोपाळ सावंत याच्यावर तिचा जीव जडला. गोपाळचं लग्न आधीच झालेलं होतं. १९०६मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. १९१९मध्ये राजघराणं मायदेशी परतलं. फाया जीही गेली. पण लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. तिथे गरिबीत दिवस काढले आणि १९४७मध्ये तिथेच वारली. टूटू तर पूर्ण मराठी संसारात मिसळून गेली.

कादंबरीत ही राजकन्या आणि सावंत दोघंही भेटतात, पण कथा पुढे चालते ती डॉलीबरोबर. म्हणून आपण दोघींना शेजारी ठेवून वाचायचं. दासी रत्नागिरी सोडते, राजकन्या रत्नागिरीला परत येते. जिथे कैदी म्हणून आणलं, तेच गाव तिनं स्वतःहून निवडलं. मग तिचं घर कोणतं म्हणायचं? गाव सोडून मुंबईत स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न काही परका नाही.