फळी तपकिरी झाली, म्हणजे पक्की झाली का?

माहुलच्या कोळीवाड्यातून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. होडीची फळी बदलताना सुतार ती भिजवून विस्तवावर धरतो, हळूहळू बाक देतो आणि मग ठोकतो. जिथे आच जास्त लागते तिथे फळी तपकिरी होते. घरातली जुनी माणसं म्हणतात, भाजलेलं लाकूड पाण्याला टिकतं. सुतार म्हणतो, तो भाग आधी तुटतो. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गुणाबद्दल बोलताहेत. पण त्याआधी फळी वाकते कशी ते पाहू. लाकडात सेल्युलोजचे लांब धागे असतात, त्यांना घट्ट धरणारं लिग्निन असतं आणि दोघांच्या मध्ये हेमिसेल्युलोज. ओल्या लाकडातलं लिग्निन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. तेवढ्यात बाक द्यायचा. थंड झाल्यावर फळी तो धरून ठेवते. या कामात रंग बदलण्याची काही गरज नसते. लाकडात पाणी आहे तोवर ताप शंभराच्या फार वर चढत नाही, जसा पातेल्यात पाणी असेपर्यंत भात करपत नाही. तपकिरी डाग उठला, म्हणजे तिथलं पाणी संपलं आणि दुसरंच काही सुरू झालं.

हे दुसरं काही समजायला गुऱ्हाळासारखी जागा नाही. हेमिसेल्युलोज म्हणजे साखरांचीच साखळी. ती तापली की तिच्यापासून आधी अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. हे आम्ल साखळी आणखी तोडतं, सुट्या झालेल्या साखरांमधून फरफ्युरालसारखे पदार्थ बनतात आणि ते एकमेकांत व लिग्निनमध्ये गुंतून मोठे तपकिरी रेणू तयार होतात. गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो ती रसातलं आम्ल मारण्यासाठी. आम्ल राहिलं तर साखर फुटते आणि गूळ नीट बसत नाही. लाकडात निवळी घालणारं कोणी नसतं. ते स्वतःचं आम्ल स्वतःच तयार करतं आणि त्याच आम्लाने पुढे तुटत जातं. म्हणून दहा-पंधरा अंशांच्या फरकाने रंग फिक्या मधासारखा राहतो किंवा काकवीसारखा काळपट होतो. उकळत्या पाकाचा रंग पाहून काहील कधी उतरवायची हे गुळव्याला कळतं. भट्टीतल्या लाकडाचा रंगही तसाच वाचता येतो. तो वरून दिलेला नसतो, लाकडाने किती ताप किती वेळ सोसला याची ती नोंद असते.

फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात या नोंदीवर एक उद्योग उभा राहिला. तिथे पाइनसारखं लाकूड हवेऐवजी वाफेत, १९० किंवा २१२ अंशांवर तापवतात. वाफ अशासाठी की प्राणवायू मिळून ते पेटू नये. असं लाकूड आरपार तपकिरी होतं. ते हवेतली ओल पूर्वीच्या जवळपास निम्मीच घेतं, त्यामुळे पावसाळ्यात कमी फुगतं, आणि बुरशीच्या तोंडचा घास असलेलं हेमिसेल्युलोज बरंचसं गेल्याने कुजतही उशिरा. घरातली जुनी माणसं म्हणतात ते हेच. पण धाग्यांना सांधणारं तेच गेल्याने लाकूड ठिसूळ होतं. सुताराचं म्हणणं हे.

ही कल्पना फिनलंडची पहिली नव्हे. अमेरिकेत मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टॅम यांनी १९४०च्या दशकात लाकूड चक्क वितळलेल्या धातूत बुडवून तापवलं होतं. हवा लागू नये आणि ताप सगळीकडून सारखा मिळावा, यासाठी किती सुंदर युक्ती! त्यांच्या लाकडाचं फुगणं कमी झालं, पण ठिसूळपणामुळे बाजारात त्याला जागा मिळाली नाही.

आता असं तापवलेलं लाकूड ‘रसायनमुक्त आणि दीर्घायुषी’ म्हणून विकलं जातं, आणि रसायनाने लाकूड टिकवण्याचा विषय निघाला की मला एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं: सोंटी कामेसम. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली त्यांनी लाकूड टिकवण्यासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. आपल्या शब्दांत मोरचूद आणि सोमल. क्रोमियममुळे दोन्ही लाकडात घट्ट बसतात, पाण्याने धुपून जात नाहीत. जगभर विजेचे, तारेचे आणि कुंपणाचे खांब या हिरवट लाकडाने अनेक दशकं तोलून धरले. सोमलाच्या भीतीने अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरातून ते बाहेर पडलं. ती काळजी योग्यच होती. पण जगाने इतकं वापरलेल्या या भारतीय शोधाच्या कर्त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटलं नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

होडीच्या बाबतीत कामेसमांचं तांबं मुद्द्याचं आहे. खाडीत लाकडाचा खरा शत्रू बुरशी नाही, तेरेडो आहे: शिंपल्याच्या कुळातला, अळीसारखा दिसणारा, फळी आतून पोखरणारा जीव. समुद्रातल्या चाचण्यांत नुसतं तापवलेलं लाकूड त्याच्यापुढे टिकलेलं नाही. तांबं मात्र त्याला सोसत नाही. म्हणूनच जुन्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारत. उन्हातही भट्टीचा रंग टिकत नाही, काही महिन्यांत राखाडी पडतो. म्हणजे तपकिरी लाकूड घराच्या भिंतीला किंवा गॅलरीला उत्तम, होडीच्या तळाला नाही.

तेव्हा माहुलच्या वाचकाने एवढं करावं. डाग पडलेल्या जागी रंधा मारून पाहावा. एक-दोन पातळ साली निघताच खाली नेहमीचं लाकूड दिसलं, तर आच वरवरच लागली आहे. फळी खुशाल ठोका. तपकिरी रंग आत उतरत गेला असेल, तर तो भाग बाकावर ठेवू नका. पुढच्या फळीला विस्तवापासून जरा दूर धरा आणि ओलं फडकं तिच्यावरून फिरवत राहा.