मोटारसायकलला तेल कोणते घालावे?

मी मराठी शिकवणारा माणूस. एम. ए. ची पदवी पदरात आहे, पण यंत्रविद्या हा काही माझा विषय नव्हे. तरीसुद्धा आज मोटारसायकलच्या तेलावर बोलायला बसलो आहे, त्याला कारण माझी स्वतःची फजिती.

झाले असे. घरात मोटारीच्या इंजिनाचे तेल शिल्लक होते. डबा चांगला, किंमत भारी. म्हटले, मोटारीला चालते ते मोटारसायकलला का चालू नये? उलट जास्तच मानवेल! जुने तेल काढले आणि हे भरले. चार-आठ दिवस बरे गेले. मग एका पहाटे इस्लामपूरजवळच्या आमच्या वस्तीवरून शेजारच्या दूधवाल्या तात्यांना मागे घेऊन निघालो. दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या. ओढ्याच्या चढणीला लागलो आणि काय सांगावे! ॲक्सिलेटर पिळावा तसे इंजिन ओरडते, पण गाडी काही पुढे सरकत नाही. जळका वास सुटला. शेवटी दोघांनी गाडी ढकलत चढ चढवली. डेअरीवर पोचलो तेव्हा संकलन आटोपले होते. तात्यांचे एका वेळचे दूध माघारी आले. "सर, तुमच्या शहाणपणाचं बिल मला आलं बघा," एवढेच ते म्हणाले.

मेस्त्रींनी गाडी खोलली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तेल कुठलं घातलंय?" त्या एका प्रश्नात सगळे उत्तर होते. ते नीट समजून घ्यायला मला पुढे बरीच वाचावाची करावी लागली. त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

मोटारीत इंजिनाचे तेल इंजिनापुरतेच असते. तिचा क्लच बाहेर कोरडा असतो आणि गिअरपेटीचे तेल वेगळे असते. आपल्या नेहमीच्या गिअरच्या मोटारसायकलीत मात्र इंजिन, क्लच आणि गिअर हे तिघे एकाच घरात नांदतात आणि एकाच तेलात न्हातात. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये ही तेले निरनिराळी असत; आताच्या बुलेटमध्ये तीही एकत्र आली आहेत. म्हणजे जेमतेम एक लिटर तेल, आणि कामे तीन.

त्यांतले क्लचचे काम मोठे नाजूक. क्लचमध्ये चकत्यांची चळत असते. एक चकती घर्षणाचे अस्तर लावलेली, तिच्यावर एक पोलादी, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादी. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हँडलची मूठ दाबली की चकत्या सुट्या होतात. या चकत्या तेलात भिजलेल्या असतात, म्हणून याला ओला क्लच म्हणतात. चकत्या घासल्या की उष्णता निर्माण होते. ती तेल वाहून नेते.

आता तुम्ही विचाराल, तेलात भिजल्यावर त्या निसटत कशा नाहीत? विहिरीवर पोहरा ओढताना दोर ओला असतो, हातही ओले असतात. तरी दोर हातात राहतो. त्याच हातांना साबण लावून दोर धरून बघा! तेव्हा नुसत्या ओलेपणाने निसटत नाही. ओल्यात काय मिसळले आहे त्याने निसटते. मोटारीच्या कित्येक नव्या तेलांत पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी खास द्रव्ये घातलेली असतात. ती धातूच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. मोटारीला ती वरदान. तिचा क्लच कोरडाच आहे. ओल्या क्लचला मात्र हा साबण ठरतो. चकत्या घसरतात, तापतात, त्यांचे अस्तर करपून गुळगुळीत होते आणि मग पकड कायमची जाते. खर्च बसतो तो वेगळाच. आणि भर रस्त्यात, पेठ नाक्यासारख्या ठिकाणी ट्रकच्या पुढून गाडी काढताना क्लचने दगा दिला, तर ते जिवावर बेतायचे.

एके काळी मोटारसायकलला मोटारीचे तेल सर्रास घालत. १९९०च्या दशकात मोटारीच्या तेलांचा रोख पेट्रोल वाचवण्याकडे वळला, तसे क्लच घसरण्याचे प्रश्न उभे राहिले. म्हणून जपानमध्ये १९९८ साली फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या तेलासाठी वेगळे मानक तयार झाले. त्याचे नाव जासो. तेलाची पकड प्रत्यक्ष चकत्यांवर तपासायची आणि मग त्याला अक्षरे द्यायची, अशी ही पद्धत. पकड राखणाऱ्या तेलाला एम. ए., आणि निसरड्या तेलाला एम. बी. पुढे २००६ साली एम. ए. चे एक आणि दोन असे दोन भाग पडले. आमच्या विद्यापीठातल्या पार्ट वन, पार्ट टू सारखेच म्हणा ना! त्यात दोनची पकड अधिक. तेव्हा डबा हातात घेतला की मागच्या बाजूला जासो या शब्दापुढे इंग्रजी एम आणि ए ही अक्षरे आहेत का, ते आधी पाहावे. किंमत नंतर.

मग एम. बी. कोणासाठी? आपल्याकडच्या बिनगिअरच्या स्कूटरसाठी. तिचा क्लच कोरडा असतो. त्याला इंजिनाचे तेल लागतच नाही. आता पुष्कळ घरांत मुलीची स्कूटर आणि वडिलांची मोटारसायकल शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि तेलाचे डबेही एकाच फळीवर. स्कूटरचे उरलेले तेल मोटारसायकलमध्ये ओतू नका. गिरिस्थानांवर आणि समुद्रकाठी भाड्याने मिळणाऱ्या चारचाकी रानगाड्यांपैकी ज्यांना ओला क्लच आहे, त्यांनाही हाच नियम लागू.

डब्यावर आणखी एक आकडा असतो: १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असा. हा तेलाच्या दाटपणाचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. नंतरचा आकडा जितका मोठा, तितके तापलेले तेल दाट. पण दाट तेच चांगले, ही समजूत चुकीची. इंजिनातल्या फटी ज्या मापाच्या, त्या मापाचे तेल हवे. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितले आहे, बजाजच्या पुष्कळ गाड्यांना २०डब्ल्यू-५०, आताच्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. आपल्या गाडीची पुस्तिका सांगेल तेच प्रमाण. दाटपणा ही एक गोष्ट, पकड ही दुसरी. तेल २०डब्ल्यू-५० असले म्हणजे ते ओल्या क्लचचे झालेच, असे नाही. दोन्ही खुणा पाहाव्या लागतात.

दोन-तीन शंका नेहमी विचारल्या जातात. सिंथेटिक तेलाने क्लच घसरतो का? नाही, त्यावर एम. ए. असेल तर निर्धास्त घालावे. ट्रॅक्टरचे तेल चालेल का? ते डिझेल इंजिनासाठी बनवलेले आहे, ते तिथेच शोभते. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडलेले असतात, त्यांनाही त्यांच्या मागच्या पेटीत ठरलेलेच तेल लागते, कारण तत्त्व हेच: भिजावे, पण पकड सुटू नये. आणि तेल काळे पडले म्हणजे वाईट झाले का? काजळी पोटात घेणे हे त्याचे कामच आहे. मात्र गिअरचे दाते तेलाला सतत चिरडतात, त्यामुळे त्याचा दाटपणा हळूहळू मोडतो. म्हणून रंगावर न जाता, पुस्तिकेतल्या किलोमीटरला तेल बदलावे. जे कायम ओझे वाहतात, वाढ्याचे भारे नि दुधाच्या किटल्या, त्यांनी तर यात चालढकल करूच नये.

क्लच घसरू लागला तर लगेच तेलाला दोष देऊ नका. आधी हँडलच्या मुठीला थोडी ढील आहे का ते पाहा. केबल फार ताणली असली तरी क्लच अर्धवट सुटा राहतो. ढील ठीक असेल आणि तेल चुकीचे पडले असेल, तर ते काढून योग्य तेल भरा, आणि थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा बदला. वेळेवर लक्षात आले तर चकत्या वाचतात. माझ्या करपल्या होत्या; नव्या घालाव्या लागल्या.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. घर्षणाचा धडा शिकवताना दोन मुलांना पुढे बोलवा. पाण्याने हात ओले करून एकमेकांचे मनगट धरून ओढायला सांगा. मग साबण लावून तेच करायला सांगा. वर्ग हसेल, पण धडा विसरणार नाही. त्याच दिवशी मुलांना घरी जाऊन तेलाच्या डब्यावरची अक्षरे वाचून यायला सांगा. १९१० सालापासून किर्लोस्करवाडीची यंत्रे पाहत आलेला हा आपला मुलूख. यंत्राचे भय आपल्याला नाही. खोटी असते ती डब्यावरचे वाचण्याची.

तात्यांच्या त्या वेळच्या दुधाचे पैसे मी दिले. ते घेईनात, म्हणाले, "पुढच्या वेळी डबा वाचून तेल घाला, म्हणजे फिटलं." आता तेल आणायला गेलो की चष्मा बरोबर नेतो.