मोराचा पिसारा आणि लांडोरीची पारख

आपल्या घरांतून मुलगी पाहण्याचा प्रघात अजून सर्वस्वीं मोडलेला नाहीं. नटूनथटून बसावयाचें मुलीनें व परीक्षा करावयाची मुलाकडील मंडळींनीं, ही आपली रीत. मोराच्या कुळांत याच्या अगदीं उलट प्रकार आहे. तेथें शृंगार नराचा आणि परीक्षा मादीची. लांडोर मोराचे अश्रू पिऊन गर्भवती होते, ही समजूत सुशिक्षितांतहि ऐकूं येते. पण ती निराधार आहे. इतर पक्ष्यांप्रमाणेंच त्यांचा समागम होतो, आणि तत्पूर्वीं लांडोर वराची पारख करिते. ती कशावरून करिते, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

चार्लस डार्विन यास या पिसाऱ्यानें मोठें कोडें घातलें होतें. जीवनकलहांत जें उपयोगी तें टिकतें, असा त्याचा सिद्धान्त. आणि हा लांब, झगझगीत पिसारा तर मोराचें ओझेंच. मोरपीस पाहिलें कीं आपणांस मळमळतें, असें त्यानें १८६० सालीं एका मित्रास लिहिलें होतें. पुढें १८७१ सालीं त्यानें उत्तर मांडलें: माद्या सुंदर नर निवडीत आल्या, म्हणून पिढ्यानुपिढ्या नर अधिकाधिक सुंदर होत गेले. पांखराच्या मादीस अशी पारख असेल हें अनेकांस पटेना. खुद्द त्याचा सहविचारी आल्फ्रेड वॉलेस यानेंहि तें नाकारलें.

मोरांविषयीं प्रत्यक्ष पुरावा पुढें आला तो १९९१ सालीं. मॅरियन पेट्री या विदुषीनें इंग्लंडांतील व्हिप्स्नेड उद्यानांत मोकळ्या मोरांचें निरीक्षण केलें. पहिल्याच मोरास कोणतीहि लांडोर वश झाली नाहीं. प्रत्येकीनें अनेकांस नाकारलें. अकरा जुळण्यांपैकीं दहांत तिनें पाहिलेल्या मोरांतून, ज्याच्या पिसाऱ्यावर सर्वांत अधिक डोळे होते, तोच पसंत केला. अशा मोरांचीं पिलें अधिक जोमदार वाढतात, असेंहि १९९४ सालीं पेट्रीबाईंस आढळलें.

वाद येथेंच मिटला नाहीं. जपानांतील इझू येथील उद्यानांत मारिको ताकाहाशी व त्यांचे सहकारी यांनीं सात वर्षें निरीक्षण करून, लांडोरी थोर पिसाऱ्यास मुळींच अधिक मान देत नाहींत, असें २००८ सालीं जाहीर केलें.

मग खरें काय? कॅनडांतील रोझलिन डेकिन व रॉबर्ट माँटगोमेरी यांनीं डोळ्यांची नुसती संख्या न पाहतां त्यांचा रंग मोजला. एका मोरास पुष्कळ माद्या मिळतात व दुसऱ्यास एकहि नाहीं, या तफावतीपैकीं सुमारें निम्म्या भागाचा उलगडा डोळ्यांतील निळ्या-हिरव्या झळाळीवरून होतो, असें त्यांनीं २०१३ सालीं दाखविलें. चकत्या चिकटवून डोळे झांकतांच त्या मोरांकडे लांडोरींनीं पाठ फिरविली.

हा निळा रंग कोणत्याहि निळ्या द्रव्याचा नव्हे. पिसाच्या तंतूंत काळसर रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीप्रमाणें रचलेल्या असतात. त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशांतून तो उमटतो. म्हणूनच पाहण्याची दिशा बदलली कीं छटा बदलते. मोरहि पिसारा थरथरवितांना सूर्याशीं सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन साधून उभा राहतो, असें दिसून आलें आहे. पावसाळा सरतां सरतां तो पिसारा गळतो, व पुढल्या वर्षीं नव्या पिसाऱ्यानिशीं पुन्हा परीक्षेस उभें राहावें लागतें.

मोर नाचतो म्हणून लांडोर नाचते, ही म्हण आपण खुळ्या अनुकरणास लावतों. म्हण करणारानें लांडोरीस नीट पाहिलें नसावें, असें आम्हांस वाटतें. मोर नाचत असतां ती मुकाट्यानें दाणे टिपीत हिंडते खरी, पण तिचें लक्ष असतें. आणि ज्या पिसाऱ्याची आपण इतकी वाखाणणी करितों, तो अशाच असंख्य लांडोरींच्या पसंतीनें घडत आला आहे.