समुद्रावरचा मरीआईचा गाडा

जळगांव-धुळ्याच्या वाचकांपुढें समुद्राचा विषय काढणें कोणास अप्रासंगिक वाटेल. खानदेशास किनारा नाहीं हें खरें. परंतु खानदेशचें पाणी समुद्रास मिळाल्यावांचून राहत नाहीं. धुळ्याची पांझरा व जळगांवची गिरणा या तापीस मिळतात, आणि तापी सुरतेवरून अरबी समुद्रास जाते. तिच्या मुखाशीं हजिऱ्यास मोठमोठीं जहाजें लागतात.

पूर्वीं पटकीची सांथ आली म्हणजे कित्येक गांवांत मरीआईचा गाडा काढीत. वाजतगाजत तो शिवेबाहेर नेऊन सोडीत. शेजारचे गांवकरी तो आपल्या शिवेपलीकडे लोटीत. शिवेबाहेर गेलें म्हणजे संकट टळलें, ही त्यामागील समजूत. रूढि मावळली; समजूत मात्र अद्यापि मावळलेली नाहीं.

माल उतरून रिकामें झालेलें जहाज लाटांवर कलंडूं नये म्हणून बंदरांतीलच पाणी त्याच्या टांक्यांत भरून घेतात. यास 'बॅलास्ट' म्हणतात. पुढील बंदरीं माल भरतांना तें सोडून देतात. पहिल्या बंदरांत शहराचें सांडपाणी मिसळलेलें असल्यास तेथील रोगजंतूही या टांक्यांतून परदेशीं जातात. १९९१ सालीं पेरू देशांत पटकी उद्भवून दक्षिण अमेरिकेत पसरली. त्याच सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडच्या बंदरांत आलेल्या कांहीं मालवाहू जहाजांच्या या पाण्यांत पटकीचे जंतू सांपडले. ते त्या सांथीच्या जंतूंहून निराळे नव्हते.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठीं २००० सालच्या सुमारास जगांतील सहा बंदरें निवडण्यांत आलीं, त्यांत मुंबई एक होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें तेथील पाण्याची व जलचरांची पाहणी केली. २००४ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला व ८ सप्टेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. त्यान्वयें जहाजानें सोडावयाच्या १०० मिलिलिटर पाण्यांत पटकीचा विषारी जंतु एकाहून कमी व विष्ठेंतील 'ई-कोलाय' जंतु २५० हून कमी असले पाहिजेत.

परंतु हा निर्बंध जहाजांवर आहे. बंदराचें पाणी मुळांतच बिघडविणाऱ्या गटारांना तो लागू नाहीं, आणि त्या पाण्याची पहिली झळ किनाऱ्यावरील कोळ्यांच्या मुलाबाळांस लागते.

यावर गृहस्थानें काय करावें? मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत यतीस वस्त्रानें गाळलेलें पाणी पिण्याची आज्ञा आहे. पटकीचे जंतु पाण्यांतील अतिसूक्ष्म जीवांस चिकटून राहतात. बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या सुती साडीची अनेकपदरी घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. तेथें पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. वारंवार धुतल्यानें जुन्या कापडाची वीण दाट होते, म्हणून नव्यापेक्षां जुनें बरें. तथापि सुटे जंतु गाळण्यांतून निसटतात. यास्तव सांथीच्या दिवसांत पाणी गाळून उकळावें हेंच श्रेयस्कर.

घरांतील घागरीची काळजी घरांतील स्त्रिया घेतील. घरांतून बाहेर जाणाऱ्या पाण्याची काळजी कर्त्या पुरुषांनीं घ्यावी. आपल्या गांवचें सांडपाणी शुद्ध होऊन नदींत जातें कीं तसेंच, हें नगरपालिकेस वा ग्रामपंचायतीस विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें. तापीकांठीं लोटलेला गाडा तापीकांठींच अडविणें सोपें. समुद्रावर गेल्यानंतर तो कोणत्या गांवीं थांबेल याचा नेम नाहीं.