मरळीची पिल्लं आणि पैठणचा काठ

आमच्या औरंगपुरा भागातून पैठण साधारण 50 किलोमीटर. शाळेच्या सुट्टीत मामांबरोबर एसटीने जायचो. बांबूची काठी, गळ आणि डब्यात गांडुळं. जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या, उथळ, गवताळ कडेला मरळ मिळायची.

मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून अधूनमधून वर येते. पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी पिल्लांचा थवा खदखदताना दिसतो. खाली आईबाप पहारा देत असतात आणि जवळ येईल त्याच्यावर झडप घालतात. त्यामुळे तिथे बेडूक लावून गळ टाकला की मोठी मरळ सहज लागते. पण राखणारं गेलं की पिल्लं इतर माशांच्या तोंडी! मामा थव्याजवळ गळ टाकूच द्यायचे नाहीत, आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं.

पिल्लं जपण्याची हीच जाणीव दूर अमेरिकेतही दिसते. तिथल्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांत स्टीलहेड नावाचा मासा आहे. त्याची पिल्लं समुद्रात जाण्याआधी बहुधा 1 ते 3 वर्षं नदीतच वाढतात. पिसं बांधलेल्या बिनवजनी गळाला ती झेपावतात. असा गळ फेकायला लागणारं वजन दोरीतच असतं. लहान मासा लागला की जाणते शौकीन तो सोडून देतात.

आपणही लहान मासा असाच सोडून देऊया. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, मासा ओल्या हातानेच धरा, पाण्यातच सोडवा. आणि जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा परवानगीची चौकशी आधी करा.