धातुशोधक, नाणी व दागिने शोधण्याचे

जमिनीत, वाळूत अथवा उथळ पाण्यात पडलेल्या धातूच्या वस्तूचे अस्तित्व तिला स्पर्श न करता ओळखणारे सुवाह्य विद्युत् उपकरण. सुरुंग शोधणे, प्रवाशांची तपासणी करणे इ. कामांसाठीही धातुशोधक वापरतात. प्रस्तुत नोंदीत फक्त नाणी व दागिने शोधण्याच्या उपकरणाचा व त्याच्या निवडीचा विचार केला आहे.

इतिहास : जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तन तुला वापरून पाहिली. बिछान्यातील पोलादी तारांमुळे येणारे संदेश आणि शरीराच्या भलत्याच बाजूस केलेला शोध यांमुळे गोळी सापडली नाही व सप्टेंबरमध्ये गारफील्ड यांचे निधन झाले. नको असलेल्या धातूने हव्या असलेल्या धातूचा संदेश झाकून टाकणे, ही बेल यांना आलेली अडचण आजही या उपकरणाची मुख्य अडचण आहे. गेर्हार्ट फिशर यांना १९३७ मध्ये अमेरिकेत धातुशोधकाचे एकस्व मिळाले. यूझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल् अलामेनच्या लढाईत वापरण्यात आला. युद्धानंतर शिलकी लष्करी उपकरणे हौशी लोकांच्या हाती आली व छंद म्हणून नाणी शोधण्यास चालना मिळाली.

कार्य : दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन ते जमिनीत शिरते. तेथे धातूची वस्तू असल्यास तिच्यात भोवऱ्याप्रमाणे फिरणारे प्रवाह (आवर्त प्रवाह) प्रवर्तित होतात. त्यांचे स्वतःचे दुर्बल क्षेत्र दुसरे वेटोळे ग्रहण करते आणि हेडफोनमध्ये ध्वनी उमटतो. परतलेल्या संदेशाच्या कलेवरून वस्तू लोखंडाची की अन्य धातूची याचा अंदाज करता येतो. वेटोळ्याच्या व्यासापेक्षा वस्तूची खोली बरीच अधिक झाली की, परतणारा संदेश खोलीच्या सु. सहाव्या घाताने क्षीण होतो. म्हणजे खोली दुप्पट झाल्यास तो ६४ पटींनी घटतो. त्यामुळे २५ सेंमी. व्यासाच्या वेटोळ्याने रुपयाएवढे नाणे अनुकूल मातीत साधारणतः २० ते २५ सेंमी. खोलीपर्यंतच ओळखता येते. महागड्या उपकरणाने या अंतरात थोडीच भर पडते. तेव्हा उपकरणाची निवड जाहिरातीतील खोलीच्या आकड्यावर करू नये.

निवड : प्रथम कोणती वस्तू शोधावयाची हे ठरवावे लागते. बहुतेक उपकरणांची कंप्रता काही किलोहर्ट्‌झपासून काही दशक किलोहर्ट्‌झपर्यंत असते. चांदीची व तांब्याची मोठी नाणी उत्तम संवाहक असल्याने कमी कंप्रतेस चांगला प्रतिसाद देतात, उदा., १९४० पूर्वीचा ११.६६ ग्रॅ. वजनाचा व ९१.७% चांदीचा रुपया. बारीक अंगठी, कानातील फूल यांसारख्या लहान सोन्याच्या वस्तूंना अधिक कंप्रता लागते. साखळी ही सर्वांत अवघड वस्तू होय. तिची प्रत्येक कडी सुटी असल्याने मोठा आवर्त प्रवाह निर्माण होत नाही व संदेश जवळजवळ एका कडीएवढाच येतो. वाळूत हरवलेल्या मंगळसूत्राचा ध्वनी मिळतो तो बहुधा वाट्यांचा.

लोखंडी कचरा वगळण्याच्या सोयीस विक्रेते फार महत्त्व देतात. मात्र तिचा उपयोग जपूनच करावा लागतो. शुद्ध सोने तांब्याच्या खालोखाल संवाहक असले, तरी मिश्रधातूची संवाहकता पुष्कळच कमी असते. त्यामुळे बऱ्याच अंगठ्यांचा संदेश पेयांच्या डब्यांवरून उपटून काढावयाच्या ॲल्युमिनियमच्या कड्यांसारखाच येतो. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात अशा कड्यांचा प्रसार झाला आणि तेथील किनारे व उद्याने त्यांनी भरून गेली. कड्या वगळण्याची योजना केल्यास त्यांबरोबर अंगठ्याही वगळल्या जातात. दागिने हवे असतील तर कड्या उकरण्यावाचून गत्यंतर नाही. भारतात वेगळीच अडचण उद्‌भवते. एक व दोन रुपयांची सध्याची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या अगंज पोलादाची आहेत. लोखंड वगळणारे उपकरण त्यांना खिळ्यांबरोबर सोडून देऊ शकते.

यानंतर मातीचा विचार येतो आणि याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीत बेसाल्टातून आलेली लोहखनिजे असतात, कोकणातील जांभ्यात लोहाची ऑक्साइडे विपुल असतात व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटयुक्त काळी वाळू आढळते. ही खनिजे स्वतःच संदेश देतात. म्हणून येथे हाताने जुळविता येणारे भूसंतुलन असलेले उपकरण घ्यावे. परदेशी पुस्तिकांतील खोलीचे आकडे येथे लागू पडतीलच असे नाही. ओली खारट वाळू विद्युत् संवाहक असल्याने एकाच कंप्रतेचे उपकरण तेथे खोटे ध्वनी देते. अशा जागी अनेक कंप्रता एकाच वेळी वापरणारे किंवा स्पंद प्रवर्तन पद्धतीचे उपकरण उपयुक्त ठरते. स्पंद पद्धतीत लोखंड नीट ओळखू येत नाही, पण वाळू उकरणे सोपे असल्याने ही उणीव फारशी जाणवत नाही. मोठ्या वेटोळ्याने खोली वाढते. कचरा दाट असलेल्या ठिकाणी मात्र लहान वेटोळे सरस ठरते, कारण ते शेजारच्या दोन वस्तू वेगळ्या दाखविते. उपकरणाचे वजन व तोल हातात धरूनच पाहावा.

दूर अंतरावरून गुप्तधन दाखविण्याचा दावा करणाऱ्या, फिरत्या दांडीच्या उपकरणांना कोणताही भौतिकीय आधार नाही. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या अशाच एका खेळण्यावरून बनविलेली बाँबशोधक उपकरणे इराकसारख्या देशांना विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्यास २०१३ मध्ये दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

कायदा : इंग्लंडमधील हॉक्सन येथे १९९२ मध्ये हरवलेला हातोडा शोधताना रोमन काळातील सुवर्ण व रौप्य नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. शोधकाने सर्व काही स्वतः न उकरता तत्काळ सूचना दिल्याने पुरातत्त्वज्ञांना वस्तूंची मूळ मांडणी व लाकडी पेटीच्या खुणा नोंदविता आल्या. नाणे उपटून काढले की, ते कोणत्या थरात व कशाबरोबर होते ही माहिती कायमची नष्ट होते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या अधिनियमानुसार ठेव सापडल्यास १४ दिवसांच्या आत कळवावे लागते. भारतात १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडविलेला, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमान्वये संरक्षित क्षेत्रात विनापरवाना उत्खनन करता येत नाही. महाराष्ट्रातील अनेक किल्ले अशा क्षेत्रात मोडत असल्याने तेथे शिवराईच्या शोधात शोधक फिरविणाऱ्यास उकरण्याचा अधिकार नाही.