एकतिसावा कॉल

टेलिफोनची सरकारी मक्तेदारी मोडली, त्यात गणपतीपुळ्यासारख्या गावाच्या वाट्याला काय आलं, ते लिहा, असं संपादकांनी सांगितलं. शोध घेता घेता १९९७ सालच्या एका परवान्यापाशी येऊन थांबावं लागलं.

अमेरिकेची ह्यूज आणि पोलादातला इस्पात समूह यांच्या ‘ह्यूज इस्पात’ने महाराष्ट्र-गोव्यात लँडलाइन देण्याच्या या परवान्यासाठी पंधरा वर्षांची मिळून सुमारे १३,९०० कोटी रुपयांची बोली लावली होती. तोवर मुंबईत एमटीएनएल आणि उर्वरित राज्यात दूरसंचार विभाग, एवढेच दोघे, दोन्ही सरकारचेच. नोंदणी करून फोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहायची, हा घराघरांतला अनुभव. १९९८ मध्ये ह्यूजची सेवा सुरू झाली. पुढे ही कंपनी टाटांनी घेतली.

या साऱ्या इतिहासात मला खिळवून ठेवलं ते दोन कंपन्यांची एक्स्चेंज जोडणाऱ्या सांध्याने, ‘पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन’ने. पुण्यातल्या नव्या ग्राहकाने गणपतीपुळ्याला घरी फोन लावला, की कॉल निघणार कंपनीच्या एक्स्चेंजमधून; पण घरची घंटी वाजायची तर त्याला सरकारी एक्स्चेंजमध्ये शिरावंच लागणार. या वाटेचं माप ‘ई-वन’. त्यात ३२ खाचा: एक ताळमेळाची, एक सिग्नलिंगची, बोलण्यासाठी उरतात ३०. एकतिसाव्या माणसाला ऐकू येतं, ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ ई-वन किती आणि कधी द्यायचे, हे मात्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती. दुकान थाटायला परवानगी मिळाली, पण दाराची किल्ली जुन्या दुकानदाराकडेच राहिली! म्हणून १९९७ मध्ये स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं महत्त्व मला परवान्याहूनही मोठं वाटतं. २०१६ मध्ये जिओ आली तेव्हाही भांडण याच सांध्यावर झालं. पुरेसे सांधे दिले नाहीत म्हणून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाला मिळून ३,०५० कोटींचा दंड करावा, अशी शिफारस ‘ट्राय’ने केली.

खेड्यांची गोष्ट याहून अवघड. खाजगी कंपन्यांनी दहा टक्के फोन खेड्यांत सार्वजनिक वापरासाठी द्यावेत, अशी परवान्यात अट होती. देशभरात कंपन्या तिच्या जवळपासही पोहोचल्या नाहीत. कारण उघड आहे: मुंबई-पुण्यात एका इमारतीत शेकडो ग्राहक मिळतात, इथे कोकणात जांभ्याच्या सड्यावर, घाटीच्या चढउतारावर, विखुरलेल्या वाड्यांपर्यंत तार न्यायची. अखेर २००२ मध्ये त्यासाठी सार्वत्रिक सेवा निधी उभारावा लागला. तरीही तार ओढली ती सरकारी लाइनमननेच. पावसाळ्यात झाड कोसळून लाइन तुटली, तर ती जोडायलाही तोच यायचा.

आज पर्यटकांच्या गर्दीमुळे गणपतीपुळ्यात मोबाइल टॉवरला गिऱ्हाईक आहे. डोंगराआडच्या वाडीला ते नाही. टाटांचा मोबाइल व्यवसायही २०१९ मध्ये एअरटेलकडे गेला, आणि देशातले बहुतेक ग्राहक आता दोनच कंपन्यांकडे आहेत. एका मालकाची सत्ता मोडायला आपण इतका खटाटोप केला, तो दोघांच्या हाती सारं सोपवण्यासाठी नव्हे. सरकारी बीएसएनएल टिकली पाहिजे ती जुन्या मायेपोटी नाही. नफा नसलेल्या वाडीत जाणं जिला बंधनकारक आहे, अशी कुणीतरी या बाजारात हवीच, म्हणून.